खापर जोडणारा माणूस

खापर हा शब्द आपल्या हॉस्टेलवर रोज कानावर पडतो. सबमिशन रखडलं की खापर ग्रुप पार्टनरवर, रस्सा पाणचट निघाला की मेस सेक्रेटरीवर आणि केटी लागली की पेपर काढणाऱ्यावर! पण खरंखुरं खापर, म्हणजे फुटलेल्या मडक्याचा तुकडा, कधी हातात घेऊन नीट बघितलाय का? जुन्नर-आंबेगावच्या रानात नांगरट झाली की जुन्या वस्तीच्या जागी असे तुकडे वर येतात. बरेचसे तांबडे, काही काळे कुळकुळीत, तर काही बाहेरून तांबडे आणि आतून काळे. आपण पायाने बाजूला सारतो आणि पुढे जातो. एका माणसाने मात्र उभं आयुष्य असल्या तुकड्यांच्या मागे घालवलं आणि त्यातून महाराष्ट्राच्या इतिहासाला हजारभर वर्षं मागे नेलं. त्यांचं नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

मी स्थापत्यचा विद्यार्थी. इतिहास दहावीला सुटला तो सुटलाच. पण दुसऱ्या वर्षी सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आमच्या सरांनी सहज विचारलं, की घोड नदीच्या काठावर काही ठिकाणी माती काळी असायची ती राखाडी-पांढरट का लागते? कुणालाच सांगता आलं नाही. मग त्यांनी मंचरजवळच्या चांडोलीची गोष्ट सांगितली. तिथे १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं होतं आणि त्या मातीखाली तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं होतं. आपल्या हॉस्टेलपासून हाकेच्या अंतरावर! हे उत्खनन करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते सांकलिया सर. तेव्हापासून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतोय.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतला. घराणं मूळचं गुजरातचं आणि वकिलांचं. मूल इतकं अशक्त होतं की जगेल असं घरच्यांना वाटत नव्हतं. हेच मूल पुढे पन्नास वर्षं नदीकाठच्या उन्हातान्हात वणवण करणार होतं! पंधराव्या वर्षी त्यांच्या हातात लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचं गुजराती भाषांतर पडलं. त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण आपल्या देशातल्या आर्यांचा शोध आपणच लावायचा हे मात्र त्या मुलाने मनाशी पक्कं केलं. विचार करा, पंधरा वर्षांचं वय म्हणजे आपलं नववी-दहावीचं. त्या वयात आपण ट्यूशन कुठली लावायची यावर अडलेलो असतो.

शोध लावायचा तर संस्कृत यायला हवं म्हणून सेंट झेवियर्स कॉलेजात संस्कृत घेतलं. तिथे फादर हेरास हे स्पॅनिश जेझुइट इतिहासकार गुरू म्हणून लाभले. एम. ए. साठी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ साली पुस्तकरूपाने आलाही. इथपर्यंतचं शिक्षण सगळं पोथ्यांचं आणि शिलालेखांचं. माती अजून हाताला लागली नव्हती.

ती लागली इंग्लंडमध्ये. लंडन विद्यापीठात पीएच. डी. करताना सांकलियांना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननावर काम करायला मिळालं. व्हीलर शिस्तीचे मोठे कडक. जागेचे चौकोन आखायचे, मधे मातीचे बांध ठेवायचे आणि एकेक थर सोलत खाली जायचं. कुठलं खापर कुठल्या चौकोनात, कुठल्या थरात मिळालं याची नोंद झालीच पाहिजे. खालचा थर जुना, वरचा नवा. आपण बोअरलॉग काढतो तसंच हे. फरक इतकाच, की आपण त्यात मुरूम आणि खडक लिहितो, ते तिथे माणसांचं राहणीमान लिहितात. या पद्धतीतून सांकलियांना एक गोष्ट कायमची कळली. खापर मोलाचं नसतं, खापराची जागा मोलाची असते. जागा सोडून उचललेला तुकडा मुका होतो.

१९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून आले. योगायोग बघा, ज्या टिळकांच्या पुस्तकाने त्यांना या वाटेला लावलं ते टिळक याच कॉलेजचे विद्यार्थी. समाजशास्त्रात सहकारी होत्या इरावती कर्वे, आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत असलेल्या. या दोघांनी मिळून १९४० च्या दशकात गुजरातमध्ये लांघणज इथे काम केलं आणि अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे उजेडात आणले. त्या काळात ना आजच्यासारखी वाहनं, ना यंत्रं. दोरी, फूटपट्टी, खुरपी, ब्रश आणि पायपीट.

पण महाराष्ट्राचं काय? तेव्हा जाणकारांची अशी समजूत होती की अशोक आणि सातवाहन यांच्याआधी इथे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं दंडकारण्य, घनदाट जंगल. आपल्या जुन्नरचा इतिहाससुद्धा सातवाहनांपासून सुरू व्हायचा. नाणेघाटातला शिलालेख, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, डोंगरातली लेणी, झालं! त्याच्या मागे अंधार. या अंधारात दिवा लावायला सांकलियांकडे ना शिलालेख होते ना पोथ्या, कारण त्या काळच्या इथल्या माणसांना लिहिताच येत नव्हतं. त्यांनी मागे ठेवलं होतं ते खापर.

१९५०-५१ साली सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि संगमनेर तालुक्यातलं जोर्वे ही दोन ठिकाणं खणली. जोर्वे म्हणजे आपल्या जुन्नरच्या शेजारच्या तालुक्यातलं प्रवरेकाठचं साधं खेडं. तिथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. आणि मिळाली एका खास जातीची खापरं. चाकावर घडवलेली, तांबूस-नारिंगी, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणीत वाजतात. पुढे अशीच भांडी ठिकठिकाणी सापडू लागली. नेवासे, चांडोली, इनामगाव... आणि या सगळ्या संस्कृतीला नाव पडलं जोर्वे. राजाच्या नावाने नाही, देवाच्या नावाने नाही, एका खेड्याच्या नावाने! जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आज हे नाव छापलं जातं.

नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. १९५४ ते ५६ दरम्यान सांकलियांच्या चमूने तिथल्या टेकाडाचा छेद घेतला. वरून खाली उतरताना मध्ययुग लागलं, सातवाहन लागले, त्याखाली तांबं आणि दगड एकत्र वापरणारी शेतकरी वस्ती आणि नदीच्या जुन्या गाळात तर अश्मयुगातली दगडी हत्यारं. एकाच गावात लाखभर वर्षांहून जास्त काळाचा जिना! शेतकरी वस्तीच्या घरांत जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यात ते लेकरू. गेलेलं मूल घराबाहेर न नेता घरातच, पायाखालच्या जमिनीत ठेवायचं. हे वाचताना खापर ही वस्तू राहत नाही, अंगावर काटा येतो.

आपल्या चांडोलीलाही तेच. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी केलेल्या या उत्खननाचा अहवाल १९६५ साली प्रसिद्ध झाला. तिथे तांब्याचा एक खंजीर मिळाला, मुठीला किड्याच्या मिशांसारखे दोन फाटे फुटलेला. एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि ती ज्यात ओवली होती तो धागा जवसाच्या खोडापासून काढलेला! म्हणजे आज जिथे बटाटा आणि कांदा होतो, तिथल्या माणसांना तीन हजार वर्षांपूर्वी सूत काढण्याची कला येत होती.

आता जरा इंजिनियरिंगकडे वळू, कारण खापराचा रंग ही शुद्ध केमिस्ट्री आहे. आपल्याकडच्या मातीत लोह भरपूर. भट्टीत भरपूर हवा मिळाली की लोहाचं तांबडं ऑक्साइड बनतं आणि मडकं लाल होतं. हवा कोंडली, धूर केला, की लोहाचं काळं ऑक्साइड बनतं, शिवाय धुरातला कार्बन मातीच्या छिद्रांत बसतो आणि मडकं काळं पडतं. माती तीच, फरक फक्त ऑक्सिजनचा. मग आतून काळं आणि बाहेरून तांबडं भांडं कसं व्हायचं? बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते उपडं घालून भाजत. तोंड राखेत-भुशात रुतलेलं, आत हवा नाही म्हणून काळं. बाहेरून वारा लागतो म्हणून लाल. राजस्थानात उदयपूरजवळच्या आहाडला सांकलियांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केलं, तिथे अशा काळ्या-तांबड्या भांड्यांवर पांढरी नक्षीही मिळाली. एकाही पुस्तकाशिवाय, थर्मामीटरशिवाय हवा कधी सोडायची आणि कधी कोंडायची हे त्या कुंभारांना पक्कं ठाऊक होतं.

याच काळ्या खापराची एक गोष्ट सातासमुद्रापार घडली, ती इथे सांगायलाच हवी. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात पुएब्लो नावाचे मूळ रहिवासी आहेत. सांकलियांचा जन्म झाला त्याच सुमाराला एडगर ह्युएट हे पुरातत्त्वज्ञ तिथे उत्खनन करत होते. मिळालेल्या जुन्या खापरांसारखी भांडी कुणी घडवून देईल का, असं त्यांनी सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ या कुंभारणीला विचारलं. मारिया आणि तिचा नवरा ज्युलियन यांनी प्रयोगांवर प्रयोग केले. भांडं गोट्याने घासून चकचकीत करायचं, गोवऱ्यांच्या आचेत भाजायचं आणि ऐन वेळी घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून आग कोंडून टाकायची. १९२० च्या सुमारास त्यांना काळ्यावर काळी नक्षी साधली. आरशासारखा काळा आणि त्यावर मंद काळा. आज हातात मावणाऱ्या त्यांच्या छोट्या भांड्यांसाठीसुद्धा संग्राहक मोठी किंमत मोजतात. मारिया १९८० साली वारल्या, पण त्यांचं गाव अजून या कलेसाठी ओळखलं जातं. तिथे खापर पुरातत्त्वज्ञाच्या हातून कुंभाराच्या हाती गेलं आणि जिवंत झालं. आपल्याकडे सांकलियांनी वेगळी वाट धरली. त्यांनी खापरामागची माणसं शोधली.

आणि ती सर्वांत जास्त सापडली इनामगावला. आंबेगावच्या डोंगरातून निघालेली आपली घोड नदी खाली शिरूर तालुक्यात जाते, तिच्याच काठावर हे गाव. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं इथे खोदाई चालली. सांकलियांबरोबर अन्सारी आणि म. के. ढवळीकर होते. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शंभराहून जास्त घरं निघाली. चुली निघाल्या, धान्याची पेवं निघाली, कुंभाराची भट्टी निघाली. मुख्य पीक होतं सातू. आणि स्थापत्यवाल्यांनो, नीट ऐका, पुराचं पाणी वळवण्यासाठी काढलेला चर आणि त्याला लागून बांध निघाला! डिंभे धरणाच्या तीन हजार वर्षं आधी याच नदीवर पाण्याचं नियोजन झालं होतं. पुढे हवामान कोरडं होत गेलं, शेती पिकेना, चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठलं. दुष्काळाने उठलेलं गाव कसं दिसतं हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

एवढ्या नेमक्या तारखा कळल्या कशा, असं मलाही वाटलं होतं. खापरावरून आधीचं-नंतरचं कळतं, वर्ष कळत नाही. त्यासाठी थरांतला जळका कोळसा कार्बन-१४ पद्धतीने तपासावा लागतो. सांकलियांनी हे शास्त्र येताक्षणी आपलंसं केलं. १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही सोय झाली आणि दख्खनच्या चुलींतला कोळसा तिथे जाऊ लागला. याच संस्थेच्या दुर्बिणीच्या तबकड्या आज खोडदला आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एका संस्थेने आपल्या भागात मातीखालचा काळही मोजला आणि ताऱ्यांपलीकडचाही. संस्कृतवाला प्राध्यापक भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन अशा सगळ्यांना एका खड्ड्याभोवती गोळा करतो, याला आज आपण मल्टिडिसिप्लिनरी म्हणतो आणि सेमिनारचे विषय म्हणून घेतो.

सांकलियांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी नावडातोलीला मिळालेली पन्हळीसारख्या तोटीची भांडी त्यांना इराणच्या जुन्या भांड्यांसारखी वाटली आणि इथे पश्चिमेकडून आलेल्या लोकांचा, कदाचित आर्यांचा, संबंध असावा असं त्यांनी मांडलं. आज बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. रामायणातली लंका मध्य भारतात असावी या त्यांच्या मतावरून तर बराच गदारोळ झाला. पण मला यात एक गोष्ट मोठी वाटते. पंधराव्या वर्षी हा माणूस आर्य शोधायला निघाला होता. मातीने त्याच्या हातात दिले ते निनावी शेतकरी, कुंभार आणि मडक्यात निजवलेली लेकरं. हवं होतं ते मिळालं नाही म्हणून त्यांनी मिळालेलं टाकून दिलं नाही. तीस-चाळीस वर्षं खापरं मोजत, चितारत, छापत राहिले. आपल्यापैकी किती जण रीडिंग ग्राफवर बसत नाही म्हणून रीडिंगच बदलतात, हे ज्याचं त्याने आठवावं!

१९७३ साली सांकलिया निवृत्त झाले, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. भारत आणि पाकिस्तानच्या इतिहासपूर्व काळावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ अभ्यासकांसाठी वर्षानुवर्षं आधार ठरला. ‘बॉर्न फॉर आर्किऑलॉजी’ हे आत्मचरित्र १९७८ चं. म. श्री. माटे यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वावर मराठीतही लिहिलं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. जन्मतः जगेल की नाही अशी शंका असलेलं ते मूल ऐंशी वर्षं जगलं. त्यांनी उभा केलेला विभाग थांबला नाही. १९८० च्या दशकातच जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावी कुकडीच्या काठावर डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्याजवळ आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. त्या राखेच्या वयावरून जगभरात वाद झाले. पुढे जुन्नरलाही उत्खनन झालं.

आता हे सगळं मी कॉलेजच्या अंकात का लिहितोय? आपल्याकडे जमिनीला काळी आणि पांढरी म्हणतात. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, भिंतींची माती साचून पांढरी तयार होते. सरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. ही माती खत म्हणून चांगली, त्यामुळे कित्येक गावांच्या पांढऱ्या गाड्या भरभरून शेतात गेल्या. पूर्वी बैलगाडी होती, आता जेसीबी आहे. पूर्वी जे टेकाड उचलायला दोन पिढ्या लागायच्या ते आता दोन दिवसांत सपाट होतं. आणि जेसीबीशेजारी हेल्मेट घालून उभा कोण असणार? तुम्ही आणि मी! रस्त्याचं, पाइपलाइनचं, इमारतीच्या पायाचं खोदकाम पुरातत्त्वज्ञाच्या आधी आपण बघणार आहोत.

म्हणून एवढंच सांगणं. साइटवर राखाडी माती लागली, त्यात खापरं, हाडं, जळका कोळसा दिसला तर काम तासभर थांबवा. फोटो काढा, खोली मोजा, तहसील कार्यालयाला, पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. आणि नक्षीचं सुंदर खापर दिसलं तरी रूमच्या खिडकीत ठेवायला उचलू नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे, पण कायद्यापेक्षा सांकलियांनी शिकवलेली गोष्ट मोठी आहे. जागेवर असलेलं खापर बोलतं, खिशातलं बोलत नाही. इनामगावचा अहवाल १९८८ साली आला, तोवर एकेका खापराची जागा लिहून ठेवली होती म्हणून तर ते गाव आपल्याला कळलं.

चांडोलीच्या त्या माळेतले मणी कुणी ओवले हे कधीच कळणार नाही. पण कुणीतरी ओवले, आपल्या घोड नदीकाठी बसून ओवले, एवढं कळलं ते केवळ मातीतून हलक्या हाताने उकरणारी माणसं तिथे होती म्हणून. पुढची अशी माळ बकेटच्या दातांत जाऊ नये. नाहीतर त्याचं खापर येणाऱ्या पिढ्या आपल्याच डोक्यावर फोडतील, आणि तेव्हा ग्रुप पार्टनरकडे बोट दाखवता येणार नाही.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)